कातीव पेन आणि वर्ध्याचे पत्र

१६ जुलै १९३५ रोजी महात्मा गांधींनी वर्ध्याहून राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांना एक छोटे पत्र लिहिले. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे जे. सी. कुमारप्पा यांच्यामार्फत पोहोचलेल्या शाईच्या पेनाबद्दल त्यात आभार मानले आहेत. स्वदेशी पेनांची गोष्ट निघाली की या पत्राचा उल्लेख प्रशस्तिपत्र म्हणून होतो. मला त्यातले वेगळेच काही महत्त्वाचे वाटते. पेन आपण वापरून पाहिले, हे गांधीजी आधी सांगतात. मगच, बाजारातल्या विदेशी पेनांना ते चांगला पर्याय दिसते, असा जपून अभिप्राय देतात. पेन देशी आहे एवढ्यावर ते थांबले नाहीत. गळक्या पेनाची भलामण केली असती, तर डाग पेनाबरोबर स्वदेशीच्या कल्पनेवरही पडला असता.

वापरून पाहणाऱ्याला नेमके काय दिसते? तिथे कारागिरीचा प्रश्न सुरू होतो.

राजमहेंद्रीची पेने ज्यासाठी ओळखली जातात ते एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून, बराच वेळ तापवून कडक केलेले रबर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हे द्रव्य आले आणि शाईच्या पेनाला जणू त्याचीच वाट होती. शाईने ते गंजत नाही, हाताला धातूसारखे गार लागत नाही आणि लेथवर स्वच्छ कातले जाते. कातताना गंधकाचा वास सुटतो. मराठीत सूत कातणे आणि लाकूड कातणे या दोन्हींना आज क्रियापद एकच आहे. देखण्या नाकाला आपण ‘कातीव’ म्हणतो ते या दुसऱ्या कामावरून. चरख्याच्या वर्ध्यात पोहोचलेले हे पेनही कातीवच होते, असे म्हणायला भाषेची हरकत नाही.

पण दांडी गुळगुळीत कातणे हा यातला सोपा भाग. खरी परीक्षा आट्यांची. ड्रॉपरने शाई भरायच्या पेनात आत वेगळी नळी नसते. पोकळ दांडी हीच दौत. पकडीचा भाग आणि दांडी जिथे जुळतात तिथले आटे शाई अडवतात. ते सैल असले तर बोटे निळी होतात. फार घट्ट असले तर पेन उघडताना दांडीला तडा जाण्याची भीती. टोपणही असे बसावे लागते की आत निब वाळू नये आणि उघडायला चार-पाच फेरे लागू नयेत.

दुसरी परीक्षा निबेची आणि तिच्या खालच्या काळ्या पट्टीची. शाळेत आम्ही तिला जीभ म्हणत असू. तिच्या बारीक खाचेतून शाई पुढे येते आणि तिच्याच वाटेने हवा मागे जाते. या देवाणघेवाणीत बिघाड झाला की पेन अडते किंवा ओकते. दांडी अर्धी रिकामी झाल्यावर हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. एबोनाइटमधून उष्णता सावकाश जाते, त्यामुळे हा त्रास थोडा कमी होतो, पण संपत नाही. एबोनाइटची जीभ गरम पाण्यात धरली की किंचित नरमते. तेवढ्यात ती निबेच्या पोटाला चपखल बसवून घेता येते. हे काम लेथवर होत नाही. डोळा, अंगठा आणि पुन्हा पुन्हा लिहून पाहणे, एवढेच त्याचे हत्यार.

माझ्या टेबलावर हाताने कातलेली दोन पेने आहेत. एकाचे पॉलिश असे की त्यात खिडकी दिसते. त्याने माझ्या टिपणवहीची पंधरा पाने खराब केली. दुसरे काळे होते, उजेड लागून आता तपकिरी पडले आहे. एबोनाइटचा तो स्वभावच. पण आठवडाभर न उघडता ठेवले तरी पहिल्या अक्षरापासून लिहिते. पहिल्याच्या कारागिराने पाहणाऱ्याचा विचार केला होता, दुसऱ्याच्या कारागिराने लिहिणाऱ्याचा. दुकानात उभे राहून हा फरक कळत नाही.

म्हणून आज हातघडणीच्या वस्तूंचे कौतुक ऐकताना मला ते पत्र आठवते. हाताने केलेले आहे, आपले आहे, जुन्या पद्धतीचे आहे, ही सगळी कौतुके वस्तू न वापरताही करता येतात. कारागिराला मात्र त्यांचा उपयोग थोडा. आटे बरोबर बसले का, हे त्याला सांगू शकतो तो रोज लिहिणारा माणूस. वर्ध्याच्या पत्राने रत्नम यांना मान दिला तो पेनाची स्तुती करून नव्हे, तर त्या पेनाने लिहून.