काशीतील एक भाषण आणि कानांची परीक्षा

हीरकमहोत्सवी वर्षात शाळेत येणारे पालक एक प्रश्न हमखास विचारतात. परदेशी शिक्षणासाठी आयईएलटीएस द्यावी लागते. तिच्या श्रवणपरीक्षेत ४ भाग आणि ४० प्रश्न असतात, आणि ध्वनिमुद्रण एकदाच ऐकवले जाते. मराठी माध्यमातील मुलाचा तेथे निभाव कसा लागणार? हा प्रश्न आला की मला १९१६ सालची काशी आठवते.

त्या वर्षी ४ फेब्रुवारीस व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांच्या हस्ते काशी हिंदू विश्वविद्यालयाची कोनशिला बसली. त्या निमित्ताने झालेल्या व्याख्यानांत दरभंग्याच्या महाराजांच्या अध्यक्षतेखाली गांधीजी बोलले. भाषण इंग्रजीत होते आणि लिहून आणलेले नव्हते. या पवित्र नगरीत देशबांधवांशी परक्या भाषेत बोलावे लागते याची लाज त्यांनी आरंभीच बोलून दाखवली. पुढे विश्वनाथाच्या मंदिराभोवतीची अस्वच्छता आली, राजेमहाराजांचे जडजवाहीर आले, क्रांतिकारकांचा विषय निघाला. ॲनी बेझंट यांनी त्यांना थांबण्यास सांगितले, संस्थानिक उठून गेले आणि सभा अर्धवटच मोडली.

एवढ्या गडबडीतही कोणीतरी लिहीत बसले होते. छापील पाठात बेझंटबाईंची हरकत आहे, श्रोत्यांचा ‘बोला, बोला’ असा आग्रहही आहे. नंतर गांधीजींनी मजकूर तपासून त्यातील पाल्हाळ तेवढा काढला. ज्या काशीत वेद पिढ्यान्‌पिढ्या केवळ कानांनी जपले गेले, तेथले हे भाषण मात्र कागदामुळे वाचले.

त्याचे फळ मराठी माणसाला लगेच मिळाले. इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेले विनायक नरहरी भावे मार्चमध्ये वाटेत सुरतेलाच उतरून काशीला गेले. तेथे ते थोडा वेळ इंग्रजी शिकवीत आणि त्याचे महिना दोन रुपये घेत. गांधीजींचे भाषण त्यांनी कानांनी ऐकले नव्हते; त्याचा वृत्तान्त वाचला, पत्रे लिहिली आणि ७ जून १९१६ रोजी ते कोचरब आश्रमात दाखल झाले. पुढे धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात दर रविवारी एक याप्रमाणे विनोबांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली. ती उतरवून घेतली साने गुरुजींनी, अमळनेरच्या शाळेतील एका माजी शिक्षकाने. ‘गीता प्रवचने’ आज हाती आहे ती त्यामुळे.

साने गुरुजींना सगळेच हवे होते. परीक्षार्थीला ते नको असते. आमची मुले नेमकी येथेच अडतात. पहिले वाक्य पूर्ण लिहिण्याच्या नादात दुसरे निसटते, आणि त्याच्या हळहळीत तिसरे. प्रश्न आधी वाचावेत, म्हणजे कान कशासाठी उघडे ठेवायचे ते कळते. आकडा, नाव, ठिकाण तेवढे टिपावे. बोलणारा ‘पण’ म्हणाला की सावध व्हावे, कारण आधी सांगितलेले तो बहुधा तेथेच फिरवतो. अंतिम उत्तर इंग्रजीत आणि अचूक स्पेलिंगनेच द्यावे लागते. कच्ची टिपणे मात्र स्वतःसाठी असतात. ती मराठीत केली तरी काही बिघडत नाही. किंबहुना ज्याला अर्थ मराठीत पटकन उमगतो, त्याने ती मराठीतच करावीत असे माझे मत आहे. काही सहकाऱ्यांना ते मान्य नाही.

नववीच्या वर्गात मी त्याच भाषणाचा एक उतारा इंग्रजीतून वाचते, एकदाच. पुण्याच्या काही प्राध्यापकांनी गांधीजींना सांगितले होते की इंग्रजीतून शिकण्यापायी प्रत्येक हिंदी तरुणाची निदान सहा वर्षे वाया जातात. या वर्षांना विद्यार्थ्यांच्या संख्येने गुणा, असे गांधीजी श्रोत्यांना सांगतात. मग मी वह्या पाहते. काही मुले पहिल्याच ओळीत अडकलेली असतात. यंदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने एवढेच लिहिले होते : ‘पुणे प्राध्या. – ६ वर्षे × सगळे’.