हिरड्याची शाई

आमच्या राजूरची ओळख परगावच्या माणसाला दोन गोष्टींनी पटते. एक पेढा आणि दुसरा हिरडा. पेढ्याविषयी मी आज काही लिहीत नाही. वाचकांच्या पुढ्यात दिवाळीच्या फराळाचे ताट असताना त्याला प्रतिस्पर्धी उभा करणे बरे नव्हे. हिरड्याची गोष्ट निराळी. अकोले तालुक्यातल्या डोंगरांत आदिवासी बायामाणसे तो वेचतात, अंगणात वाळवतात, आणि बाजारात आणून त्यावर मिठामिरचीची बेगमी करतात. घरातही हिरड्याचा मान मोठा. पोट बिघडले, खोकला झाला, तोंड आले, की आजीबाईचा हात प्रथम हिरड्याकडे जातो. जुन्या वैद्यांनी तर त्याला आईचीच उपमा दिली आहे.

मी मॅट्रिकवर थांबलेला मास्तर. फावल्या वेळी कादंबऱ्या लिहितो, त्यामुळे शाईविषयी मला सहजच प्रेम. दर वर्षी वर्गात मी हिरड्याची शाई करून दाखवतो. हिरडा कुटायचा, पाण्यात उकळायचा, आणि त्या पिवळसर काढ्यात चिमूटभर हिराकस टाकायचा. पाहता पाहता काढा काळा होतो आणि मुले टाळ्या वाजवतात. मग मी मोठ्या रुबाबात सांगतो, "पोरांनो, हिरड्यातल्या तुरट द्रव्याने लोखंडाला मिठी मारली. ती सहसा सुटत नाही, म्हणून ही शाई टिकते."

काही वर्षांपूर्वी हा काढा ढवळणारा एक मुलगा हळूहळू शाळेत दिसेनासा झाला. आला तरी फिकट चेहऱ्याने मागच्या बाकावर बसे. पाढे विसरू लागला. त्याची आजी मला बाजारात भेटली.

"गुर्जी, पोराचं पोट लई दुखतंय. चार चार दिस साफ होत नाही."

"आजी, हिरडा देताय ना?" मी विचारले.

"देतेय की."

"मग काळजी करू नका. हिरड्यासारखे औषध नाही."

हे माझे शब्द. आज आठवले की जीभ तुरट होते.

हिरड्याने पोट साफ होई, दोन दिवस बरे वाटे, आणि पुन्हा कळा सुरू होत. असे तीन महिने गेले. शेवटी एका डॉक्टरांनी नाडी सोडून भलताच प्रश्न विचारला, "मुलाचे वडील काय करतात?" वडील भंडारदऱ्याच्या जलाशयात मासेमारी करीत. १९२६ साली पुरे झालेल्या त्या धरणाने कित्येकांच्या घरची चूल पेटती ठेवली आहे. पण या घरच्या चुलीवर आणखी एक गोष्ट शिजत होती. जाळे पाण्यात बुडावे म्हणून त्याला शिशाच्या गोळ्या लावतात. जुन्या बॅटऱ्यांतले शिसे आणून ते घरीच वितळवले जाई, आणि गोळी दोरीवर दाताने चावून बसवायचे काम या मुलाकडे असे. नाशिकला रक्त तपासले. रक्तात शिसे निघाले. पोटदुखी, बद्धकोष्ठ, फिकटपणा आणि विसरभोळेपणा ही एकाच चोराची चार पावले होती.

तेव्हापासून मला एका प्रश्नाने पछाडले. जो हिरडा दौतीत लोखंडाला मिठी मारतो, तो पोरांच्या रक्तातल्या शिशाला का धरीत नाही? मिळतील ती पुस्तके वाचली, जाणत्यांना विचारले, आणि हाती आला तो इतिहास वाचकांपुढे ठेवतो.

धातू आणि वनस्पती यांचे नाते आपल्याकडे फार जुने. साधारण तेराव्या शतकातला 'रसरत्नसमुच्चय' हा रसशास्त्राचा ग्रंथ पुण्याच्या आनंदाश्रमाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छापून काढला. अशुद्ध धातू पोटात गेला तर रोग करतो, हे या शास्त्राने पुरते ओळखले होते. म्हणूनच लोखंड तापवून ते त्रिफळ्याच्या, म्हणजे हिरडा, बेहडा आणि आवळा यांच्या, काढ्यात विझवण्याची रीत पडली. वैद्याचे ते भांडे आणि माझी वर्गातली दौत ही एका अर्थी सख्खी भावंडेच म्हणायची.

पश्चिमेकडेही हाच विचार चालला होता. शिशाच्या विषाचे वर्णन निकँडर या ग्रीक कवीने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात केले. इंग्लंडात डेव्हनशायर परगण्यातले लोक सफरचंदाची दारू पिऊन पोटाच्या कळांनी लोळत. ती दारू गाळण्याच्या यंत्रांत शिसे असल्याचे जॉर्ज बेकर या डॉक्टराने १७६७ साली दाखवून दिले. पुढे विसाव्या शतकात 'सार्वत्रिक उतारा' नावाची एक पूड निघाली. तिच्यात दोन भाग कोळसा, एक भाग मॅग्नेशिया आणि एक भाग टॅनिक आम्ल असे. हिरड्याला तुरटपणा देणाऱ्या द्रव्यांच्याच कुळातले हे आम्ल. घरगुती आवृत्ती तर मोठी गमतीची होती. करपलेला पाव, कडक चहा आणि मॅग्नेशियाचे दूध! तुरट द्रव्य पोटातल्या विषाला धरून त्याचा साका करील, ही त्यामागची कल्पना. पुढे कसोटी घेतली तेव्हा ही पूड नुसत्या कोळशाहूनही उणी ठरली, टॅनिक आम्ल यकृताला अपायकारक दिसले, आणि तो उतारा मोडीत निघाला.

तात्पर्य, मिठी खरी, पण ती दौतीपुरती. शिसे एकदा रक्तात उतरले की ते कॅल्शियमचे सोंग घेऊन हाडांत घर करते आणि तिथे वर्षानुवर्षे राहते. हिरड्याचा काढा तिथवर पोचून त्याला बाहेर ओढीत नाही. उलट चहा-हिरड्यासारखी तुरट द्रव्ये जेवणातले लोह धरून ठेवतात, आणि अंगात लोह कमी असले की आतडी शिसे अधिक शोषून घेतात. आमची मिठी चुकून मित्रालाच बसली म्हणायची.

धातू ओढून काढणारा खरा चिमटा सापडला तो दुसऱ्या महायुद्धात. लुईसाइट नावाच्या सोमलयुक्त विषारी वायूवर उतारा शोधताना ऑक्सफर्डच्या पीटर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गंधकाचे दोन हात असलेले एक औषध तयार केले. हे हात धातूला पकडतात आणि लघवीवाटे बाहेर नेतात. त्याच घराण्यातले पोटात घेता येणारे औषध अमेरिकेत मुलांच्या शिसेबाधेसाठी १९९१ साली मान्य झाले.

मग वनस्पतींचे काम संपले काय? नाही. त्यांना दुसरी पाळी मिळाली. शिसे नुसते बसून राहत नाही. ते रक्त बनवण्याच्या कामात खीळ घालते, शरीराचे संरक्षक द्रव्य खर्ची घालते, आणि पेशीपेशीत दाह पेटवते. चिमटा चोराला घराबाहेर काढतो, पण त्याने लावलेली आग विझवत नाही. इथे हळदीतले पिवळे द्रव्य, कांद्यातले क्वेर्सेटिन, हिरड्या-आवळ्यातले गॅलिक आम्ल यांच्याकडे शास्त्रज्ञांचे लक्ष गेले. शिंद्यांच्या ग्वाल्हेरात असलेल्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेत उंदरांवर असे प्रयोग झाले, आणि वनस्पतिद्रव्य चिमट्याच्या जोडीला दिले तर अधिक गुण येतो असे दिसले. इराणमध्ये मशहदला बॅटरीच्या कारखान्यातल्या ११७ कामगारांना लसूण किंवा नेहमीचे एक औषध चार आठवडे देऊन पाहिले, तर लसणानेही रक्तातले शिसे उतरल्याचे २०१२ साली प्रसिद्ध झाले. आशा वाटावी अशी ही गोष्ट आहे, पण एवढ्यावर पोराचा जीव टांगावा अशी नव्हे.

आणि एक टोचणारी गोष्ट सांगायलाच हवी. २००३ साली अमेरिकेत बोस्टनच्या आसपासच्या दुकानांतून आपल्याकडची ७० आयुर्वेदिक औषधे विकत घेऊन तपासली, तेव्हा १४ औषधांत शिसे, पारा किंवा सोमल सापडला. बांगलादेशात तर हळद अधिक पिवळी दिसावी म्हणून तिच्यात शिशाचा रंग मिसळत. २०१९ साली सरकारने बडगा उगारला, आणि २०२१ पर्यंत बाजारातली ती भेसळ जवळजवळ नाहीशी झाली. ज्या हळदीने आग विझवायची, तिच्यातच कुणी निखारा ठेवला तर काय करावे? तिथे औषधाआधी बडगाच कामाला आला.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली शिसेबाधेवर जो मार्गदर्शक लेख काढला, त्यातही पहिली पायरी हीच आहे. शिसे कुठून येते ते शोधा आणि ते बंद करा. औषधाची पाळी त्यानंतर.

आमच्या मुलाच्या बाबतीत सुदैवाने तेवढ्यावर भागले. शिसे वितळवण्याचे काम घरातून गेले, आजीने जमीन ओल्या फडक्याने पुसून काढली, जेवणात पालेभाजी-कडधान्य वाढले, आणि जेवणावरचा चहा बंद झाला. वर्षभराने त्याचे रक्त पुष्कळ निवळले. मात्र पूर्वीसारखे पाढे त्याच्या तोंडी आले नाहीत. गणितात तो अजून अडखळतो. त्यातले किती शिशाचे आणि किती माझ्या तीन महिन्यांच्या हिरड्याचे, हा हिशेब मला मांडता येत नाही.

आजी मात्र मला दोष देत नाही. परवा दिवाळीच्या सामानासाठी आली तेव्हा पिशवीतून मूठभर हिरडे काढून तिने माझ्या हातावर ठेवले. "गुर्जी, शाईला व्हतील," म्हणाली.

शाई मी अजूनही करतो. मुले अजूनही टाळ्या वाजवतात. फक्त मिठीची गोष्ट सांगून झाल्यावर, कुणाचे पोट वरचेवर दुखत असेल तर घरी काय वितळते, काय रंगवले जाते आणि काय जळते, ते मी विचारू लागलो आहे. हिरडा आईसारखा असेल, खचित असेल. पण लेकराने तोंडात काही घातले, तर शहाणी आई आधी त्याच्या तोंडात बोट घालून ते बाहेर काढते. काढा ती मागाहून उकळते.