मिरचीचा बाजार, विजेचा बाजार

बाजार म्हणजे काय हे पिंपळगाव रेणुकाईत येऊन समजावून सांगायची गरज नाही. इथल्या हिरव्या मिरचीला भाव नसला तर ती झाडावर लाल होऊ देता येते, वाळवता येते. विजेचं तसं नाही. ती लागते त्याच क्षणी तयार व्हावी लागते. म्हणून विजेच्या प्रत्येक बाजाराला एक प्रश्न सोडवावा लागतो : गरज पडेल म्हणून जे केंद्र नुसतं सज्ज उभं असतं, त्याचा खर्च कोणी सोसायचा?

आम्ही महाराष्ट्रानं त्याचं एक उत्तर दाभोळला दिलं. डिसेंबर 1993 च्या करारात वीज मंडळानं एन्रॉनच्या कंपनीला कबूल केलं, की वीज घेऊ अथवा न घेऊ, स्थिर आकार देऊ. मे 1999 मध्ये 740 मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला आणि उलटंच गणित समोर आलं. वीज जितकी कमी घ्यावी तितकं युनिट महाग. दोन वर्षांत खरेदी थांबली. याला बाजार म्हणायला आमची जीभ रेटत नाही. एकच विकणारा, एकच घेणारा, आणि जोखीम सगळी घेणाऱ्याच्या गळ्यात!

इंग्लंडनं 1990 मध्ये वेगळी वाट धरली. दर अर्ध्या तासाचा भाव बोलीनं ठरे, शिवाय सज्जतेचे पैसे निराळे. पण मोठे विकणारे दोघंच, ते भाव हलवू लागले. 2001 मध्ये ती पद्धत मोडीत निघाली. टेक्सासनं सज्जतेचे पैसे दिलेच नाहीत. टंचाईत भाव चढेल, त्यातून केंद्रं कमावतील, हा त्यांचा हिशेब. फेब्रुवारी 2021 च्या थंडीत घाऊक भाव युनिटला 9 डॉलरच्या कमाल मर्यादेवर जाऊन बसला, तरी लाखो घरं अंधारातच राहिली.

आपल्याकडे 2003 चा कायदा आला, 2005 मध्ये मंडळाचं विभाजन झालं, 2008 मध्ये वीज एक्स्चेंज उघडलं. आता तिथं दिवसाचे 96 भाग करून दर 15 मिनिटांचा भाव फुटतो. तरी बहुतेक वीज येते दीर्घ मुदतीच्या करारांतून, आणि कोळशाच्या केंद्रांच्या करारांत स्थिर आकार आहेच.

आता गंमत पाहा. सौरऊर्जेमुळे एक्स्चेंजवर दुपारी भाव उतरतो, संध्याकाळी चढतो. इथला शेतकरी मात्र वर्षानुवर्षं पाळीच्या विजेसाठी रात्री शेतात गेला. दिवसा वीज देण्यासाठी 2017 मध्ये सौर कृषी वाहिनी योजना आली, तीही एक्स्चेंजवरून नव्हे, 25 वर्षांच्या करारांतून. त्यांत पैसे तयार झालेल्या युनिटचेच. ढगाळ दिवसासाठी कोळशाची केंद्रं मात्र सज्ज ठेवावीच लागतात, आणि त्यांचा आकार महावितरण भरतच असतं.