चित्र काढून पोट भरायचं तर: फाईल, हक्क आणि हिशोबाची सोपी माहिती

एलिमेंटरी-इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळालेल्या जवळपास प्रत्येकाने घरी एक प्रश्न ऐकलेला असतो: "चित्रं काढून घर चालतं का?" मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे चित्र कसं काढायचं हे मी सांगणार नाही. पण ओळखीतले काही चित्रकार आणि इलस्ट्रेटर फाईल, बॅकअप, पेमेंट असल्या अडचणी घेऊन माझ्याकडे येतात. त्यांच्याकडे बघून एक गोष्ट लक्षात आली. हात चांगला असूनही पैसे बुडतात ते बहुतेक वेळा चित्र पूर्ण झाल्यावर. कुठली फाईल दिली, कसला हक्क दिला आणि काय लिहून घेतलं, यावर बरंच काही ठरतं.

या लेखात तेच क्रमाने बघू. तुमच्याकडे फक्त स्मार्टफोन असला तरी यातलं बहुतेक सगळं करता येतं.

कमाई नेमकी कशातून होते?

ढोबळ मानाने तीन मार्ग आहेत.

१. मूळ चित्र विकणं: कॅनव्हास किंवा कागद एकदाच विकला जातो.
२. सांगून घेतलेलं काम: पोर्ट्रेट, लग्नपत्रिकेवरचं चित्र, पुस्तकाचं मुखपृष्ठ, दुकानाची भिंत.
३. वापरायची परवानगी विकणं: तेच चित्र कॅलेंडरवर, टी-शर्टवर, पुस्तकात छापायला देणं आणि प्रत्येक वापराचे पैसे घेणं.

तिसरा मार्ग इंटरनेटमुळे आलेला नाही. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. संस्थानिकांच्या महालातली चित्रं त्या छापखान्यामुळे साध्या घरांच्या भिंतीवर पोचली. मूळ चित्राला गिऱ्हाईक एकच असतं, छापील प्रतीला हजारो. मराठीत दिवाळी अंकांनीही चित्रकारांना असंच काम दिलं. दीनानाथ दलाल यांनी तर १९४५ मध्ये 'दीपावली' हा स्वतःचाच अंक सुरू केला.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातही असंच असतं. तुम्ही एखादं ॲप विकत घेता म्हणजे ते वापरायची परवानगी घेता, कंपनी सोर्स कोड तुमच्या हातात देत नाही. चित्राकडेही तसंच बघा. चित्र दिलं म्हणजे त्याचे सगळे हक्क दिले, असं आपोआप व्हायला नको.

सांगून काढून घेतलेलं चित्र कोणाचं?

इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. 'मी काढलं म्हणजे कॉपीराइट माझा' हे नेहमी खरं नसतं. भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्यातलं कलम १७ असं सांगतं:

- तुम्ही स्वतःच्या मनाने चित्र काढलं, तर कॉपीराइट तुमचा. नोंदणी केली नसली तरी तो चित्र तयार होताक्षणी मिळतो.
- ते चित्र कोणी विकत घेतलं, तर त्याला कॅनव्हास मिळतो. त्याच्या प्रती छापून विकायचा हक्क आपोआप मिळत नाही.
- पण कोणी पैसे देऊन, सांगून पेंटिंग किंवा पोर्ट्रेट काढून घेतलं आणि वेगळं काही ठरलेलं नसलं, तर कॉपीराइटचा पहिला मालक तो ग्राहक असतो.
- तुम्ही नोकरीत असाल आणि कामाचा भाग म्हणून चित्र काढलं, तर वेगळा करार नसल्यास मालकी कंपनीची.

तिसरा मुद्दा पुन्हा वाचा. कमिशनवर काम करणाऱ्याचं सगळं पोट त्याच मुद्द्यावर आहे. 'वेगळं काही ठरलेलं नसलं तर' या शब्दांमुळे एक साधा लेखी करार खेळ बदलू शकतो.

माझ्या मावसबहिणीने एका प्रकाशनासाठी लहान मुलांच्या पुस्तकाची चित्रं केली होती. पैसे ठरले फोनवर, फाईल गेली व्हॉट्सॲपवर. वर्षभराने त्यातलं माकड शाळेच्या वह्यांच्या कव्हरवर दिसलं. तिने विचारलं तर उत्तर आलं, "ताई, पैसे दिले होते ना तेव्हा?" ती वकिलाकडे गेली. वकिलाचा पहिला प्रश्न होता, "लेखी काय आहे?" लेखी काहीच नव्हतं. वह्यांचे पैसे मिळाले नाहीत.

हक्क विकायचेच असतील तर कलम १९ माहीत असू द्या. हक्क कोणाच्या नावावर करायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. त्यात किती वर्षांसाठी ते लिहिलं नसेल तर मुदत ५ वर्षं धरली जाते, आणि कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारत धरला जातो. म्हणून समोरच्याने पाठवलेल्या करारात 'कायमस्वरूपी', 'जगभर' आणि 'सर्व माध्यमांत' हे शब्द शोधा. ते असतील तर दर वेगळा सांगा.

एक हक्क मात्र विकूनही जात नाही. कलम ५७ नुसार, हे चित्र माझं आहे असं सांगायचा आणि नाव खराब होईल अशी मोडतोड झाल्यास हरकत घ्यायचा हक्क चित्रकाराकडेच राहतो. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प सरकारने १९७९ मध्ये काढून टाकलं. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये सेहगल यांच्या बाजूने निकाल दिला: उरलेले भाग परत द्या आणि ५ लाख रुपये भरपाई द्या.

दाखवायची फाईल वेगळी, द्यायची फाईल वेगळी

आता माझ्या विषयावर येतो. छपाईसाठी साधारण ३०० डीपीआय लागतात, म्हणजे कागदाच्या प्रत्येक इंचात ३०० ठिपके. त्या हिशोबाने:

- ए४ आकार: २४८० × ३५०८ पिक्सेल
- ए३ आकार: ३५०८ × ४९६१ पिक्सेल
- इन्स्टाग्रामवरची उभी पोस्ट: १०८० × १३५० पिक्सेल

इन्स्टाग्रामच्या फाईलमध्ये ए४ च्या जेमतेम सहाव्या हिश्श्याइतके पिक्सेल असतात. ३०० डीपीआयला ती फक्त ९ सेंटिमीटर रुंद छापता येते. ही मर्यादाच तुमचं कुलूप आहे. सोशल मीडियावर टाकायची फाईल छोटी ठेवा, म्हणजे कोणी उचलली तरी तिचं चांगलं पोस्टर होणार नाही. वॉटरमार्क कोपऱ्यात ठेवला तर दोन सेकंदांत कापला जातो, म्हणून तो चित्राच्या मधल्या भागात हलकासा टाका.

प्रत्येक कामाच्या तीन फाईल ठेवा:

१. मूळ फाईल: सगळ्या लेयरसकट. ही कोणालाही देऊ नका. ग्राहकाला हवीच असेल तर तिचे वेगळे पैसे.
२. छपाईची फाईल: पूर्ण आकाराची टिफ, पीएनजी किंवा पीडीएफ. पूर्ण पैसे आल्यावरच पाठवायची.
३. नमुना: १०८० पिक्सेलची जेपीईजी. मंजुरीसाठी आणि पोस्टसाठी.

मूळ फाईल हा तुमचा पुरावाही असतो. चित्र चोरीला गेलं तर लेयर आणि कच्ची रेखाटनं फक्त तुमच्याकडेच असतात. प्रोक्रिएट आणि आयबिसपेंट काम करतानाचा व्हिडिओ आपोआप जपून ठेवतात, तो डिलीट करू नका. बॅकअप दोन ठिकाणी हवा, एक क्लाउडवर आणि एक पेनड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कवर.

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली फाईल दाबली जाते आणि पिक्सेल कमी होतात. नमुन्यासाठी ते चालेल. छपाईची फाईल मात्र 'डॉक्युमेंट' म्हणून किंवा ड्राइव्हच्या लिंकवरून पाठवा.

रंगांचंही एक भान ठेवा. स्क्रीन लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशातून रंग दाखवते, तर छापखाना निळसर, गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या शाईतून. स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा कागदावर फिका पडतो. मोठं काम असेल तर आधी एक प्रूफ काढून घ्या.

फक्त फोन असेल तर?

कागदावर काम करत असाल तर चित्राचा फोटो खिडकीजवळ सावलीतल्या उजेडात घ्या. फ्लॅश बंद ठेवा. फोन चित्राला समांतर धरा आणि थोडं मागे उभं राहा, कारण फार जवळून काढलं तर कडा वाकतात. छपाईला द्यायचं असेल तर जवळच्या झेरॉक्सवाल्याकडे किंवा फोटो स्टुडिओत चांगला स्कॅनर आहे का ते विचारा. छोट्या जलरंगांसाठी ६०० डीपीआयचा स्कॅन फोटोपेक्षा कधीही बरा.

डिजिटल कामासाठी आयबिसपेंट फोनवर चालतं. क्रिता मोफत आणि ओपन सोर्स आहे, ते कॉम्प्युटरवर आणि अँड्रॉइड टॅबवर चालतं. चित्र सुरू करतानाच कॅनव्हास मोठा घ्या, कारण छोटं चित्र नंतर ताणून नवे तपशील येत नाहीत.

दर कसा काढायचा?

'बाकीचे किती घेतात?' हा प्रश्न नंतर विचारा. आधी स्वतःचा खर्च मांडा. समजा महिन्याला २५,००० रुपये हातात हवेत आणि रंग, इंटरनेट, टॅबचा हप्ता मिळून ५,००० खर्च आहे. एकूण ३०,०००. महिन्यातले सगळे तास चित्रात जात नाहीत, काही वेळ गिऱ्हाईक शोधण्यात, फोनवर आणि पार्सलमध्ये जातो. प्रत्यक्ष कामाचे ८० तास धरा. ३०,००० भागिले ८० म्हणजे तासाला ३७५ रुपये. दहा तासांच्या चित्राचा दर ३,७५० रुपये, याच्या खाली तुम्ही स्वतःच्या खिशातून भरताय.

हा झाला मेहनतीचा दर. त्यावर वापराचा दर लागतो. घरात टांगायला एक पोर्ट्रेट आणि हजार वह्यांवर छापायचं चित्र, यांत मेहनत सारखी असली तरी किंमत सारखी नसते.

हा मेसेज सेव्ह करून ठेवा

छोट्या कामाला वकील लागत नाही. पुढचा मजकूर ईमेलवर पाठवा आणि काम सुरू करण्याआधी 'मान्य' असं उत्तर घ्या:

"नमस्कार. ठरल्याप्रमाणे ___ आकाराचं एक चित्र ___ तारखेपर्यंत देईन. रक्कम ___ रुपये, त्यातली निम्मी आधी आणि उरलेली अंतिम फाईल पाठवण्याआधी. कच्च्या आराखड्यात दोन बदल यात धरले आहेत, पुढच्या प्रत्येक बदलाचे ___ रुपये. हे चित्र फक्त ___ यासाठी, ___ वर्षं वापरता येईल. कॉपीराइट माझ्याकडे राहील. दुसऱ्या वापरासाठी वेगळी परवानगी लागेल. चित्राबरोबर माझं नाव द्यावं. एआय ट्रेनिंगसाठी चित्र वापरू नये. काम मध्येच थांबवल्यास आगाऊ रक्कम परत मिळणार नाही."

मोठं काम असेल किंवा हक्कच विकायचे असतील, तर सहीचा करार करा आणि तो एकदा वकिलाला दाखवा.

एआयबद्दल अजून थोडं. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी ग्लेझ नावाचं मोफत साधन बनवलं आहे. ते चित्रात डोळ्यांना सहसा न जाणवणारे बदल करतं, त्यामुळे एआयला तुमची शैली शिकणं अवघड जातं. ही शंभर टक्के हमी नाही, पण पोस्ट करण्याआधी एक जादा कडी लावल्यासारखं आहे.

पेमेंट घेताना

- पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. 'हा क्यूआर स्कॅन करा, पैसे येतील' म्हणणारा पैसे काढायला बसलाय. न बघता, घासाघीस न करता पाच चित्रं घेणाऱ्या गिऱ्हाइकापासून जास्त सावध राहा.
- स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवू नका, बँकेच्या ॲपमध्ये रक्कम बघा.
- 'रेफरन्स फाईल' म्हणून एपीके आली तर उघडू नका.
- फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा. पहिले काही तास महत्त्वाचे असतात.
- कंपन्या टीडीएस कापून पैसे देतात. तो तुमच्या पॅनवर जमा झाला का ते आयकराच्या पोर्टलवर बघा. उत्पन्न करपात्र नसेल तर रिटर्न भरून परतावा मागता येतो.
- सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की महाराष्ट्रात जीएसटी नोंदणी लागते. तिथपर्यंत पोचलात तर सीए गाठा!

थोडक्यात

पुढचं काम हातात घ्याल तेव्हा तीन प्रश्न विचारा. हे चित्र कुठे आणि किती दिवस वापरणार? ते लेखी आलंय का? मोठी फाईल पैसे येण्याआधी तर जात नाहीये ना? तिन्ही उत्तरं नीट असतील तर ब्रश उचला. आणि घरी कोणी पुन्हा तोच प्रश्न विचारला, तर वर काढलेला तासाचा दर कागदावर मांडून दाखवा.