कोंडा, मळी आणि तेजाबाची टाकी

छत्रपती संभाजीनगरातल्या गुलमंडीच्या बाजारात गव्हाचा कोंडा, डिंक, काळी मिरी, एरंडेल घ्यायला जाणाऱ्याच्या मनात पोलादाचा विचार येत नाही. पण शहराबाहेर वाळूजच्या वसाहतीत, जिथे १९८५ साली बजाज ऑटो आली आणि तिच्यामागून सुट्या भागांच्या शेडी वाढल्या, तिथल्या पिकलिंगच्या टाकीचे कूळ शोधायला निघालो की वाट किराणा मालापाशीच येते.

तापवून लाटलेल्या पोलादावर काळपट पपडी धरते. ती निघाल्याशिवाय जस्ताचा मुलामा नीट बसत नाही, तारही नीट खेचली जात नाही. म्हणून माल आम्लात बुडवायचा; हेच पिकलिंग. आम्ल पपडी काढते, पण खालचे पोलादही सोडत नाही. पोलाद खाल्ले गेले की हायड्रोजन सुटतो. त्याचे बुडबुडे आम्लाचे तुषार उडवतात, कामगाराचा घसा जळतो. काही हायड्रोजन धातूतच शिरतो आणि कडक पोलाद ठिसूळ होते. आम्ल फुकट जाते ते वेगळेच. यावर उपाय म्हणून टाकीत थोडेसे असे काही घालतात, की ते उघड्या धातूला चिकटून बसते आणि पपडीला आम्लाच्या हवाली करते. शेडमध्ये त्याला सरळ ‘इनहिबिटर’ म्हणतात.

१८७२ साली मारांगोनी आणि स्टेफानेली यांनी नोंदवले की सरस, जिलेटिन आणि कोंड्याचा अर्क आम्लातल्या लोखंडाची झीज कमी करतात. १८९५ मध्ये बाल्डविन याने ब्रिटनमध्ये पेटंट घेतले ते मळी आणि वनस्पती तेलांचे. पोलादी पत्रे आम्लात धुताना ती घालायची. इनहिबिटरचे पहिले पेटंट म्हणून याचेच नाव घेतले जाते. १९०० साली अमेरिकेत स्टार्चचे पेटंट झाले. ‘पर्यावरणस्नेही’ हे लेबल तेव्हा नव्हते. माल स्वस्त होता, हाताशी होता, एवढेच.

मग डांबर आले. कोळशाच्या डांबरातले पिरिडिन, क्विनोलिन, पुढे फॉर्मल्डिहाइड, थायोयुरिया. काम झकास, पण वास आणि विष सोबत. सर्वांत वाईट पायरी १९३२ ची: मिशिगनमधल्या तेलविहिरीत हायड्रोक्लोरिक आम्ल सोडताना पोलादी नळ्या वाचवायला त्यात चक्क आर्सेनिक मिसळले गेले. आम्लात आर्सेनिकपासून आर्सिन वायू होऊ शकतो, आणि तो जीवघेणा आहे. नळी वाचवायची आणि माणूस धोक्यात घालायचा, हा हिशेब तेव्हा कुणाला फारसा खटकला नसावा.

गंमत म्हणजे त्याच १९३० च्या दशकात गंधकाम्लाच्या टाक्यांत चेलिडोनियम नावाच्या रानटी झाडाचा अर्कही वापरला जात होता. ती वाट बुजली नाही. १९८१ साली श्रीवास्तव आणि श्रीवास्तव यांनी तंबाखू, काळी मिरी, एरंडीच्या बिया आणि बाभळीचा डिंक आम्लात पोलादाचे चांगले रक्षण करतात असे दाखवले. त्यानंतर कडुनिंब, मेंदी, केळीची साल असे काहीच सुटले नाही. सुपारीच्या अर्कावरही निबंध आहेत. या सगळ्यांत टॅनिन, अल्कलॉइड असे रेणू असतात. त्यांतले ऑक्सिजन आणि नायट्रोजन लोखंडाला धरतात.

मग टाकीत अजून हेच सर्रास का दिसत नाही? प्रयोगशाळेत चकचकीत घासलेला तुकडा, स्वच्छ सौम्य आम्ल आणि खोलीचे तापमान असते. गंधकाम्लाची टाकी साठ अंशांच्या वर तापलेली असते आणि तिच्यात रोज लोह मुरत जाते. उष्णता वाढली की अनेक अर्कांची पकड सुटते. अर्क ठेवला तर बुरशी धरतो, शिवाय झाड आणि हंगाम बदलला की त्याचा गुणही बदलतो. काही ‘हरित’ अर्क तर मिथेनॉलमध्ये काढतात, आणि मिथेनॉल स्वतःच विषारी. मळीची गोष्ट आणखी निराळी: आपल्याकडे तिच्यावर आसवन्यांचा आधी डोळा असतो.

इनहिबिटर कितीही सौम्य असो, वापरून झालेले आम्ल २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचराच राहते. फायदा आहे तो आम्ल कमी लागण्याचा आणि कामगाराच्या अंगावर विष न येण्याचा, आणि तो लहान नाही.

शेडवाल्यांनी एवढे करावे: नवा अर्क विकायला कुणी आला तर छापील टक्केवारीवर जाऊ नये. आपल्याच टाकीतले मुरलेले आम्ल, आपल्याच पत्र्याचा तुकडा आणि रोजचे तापमान घेऊन, अर्क घालून आणि न घालता, आधीचे आणि नंतरचे वजन समोर करून दाखवायला सांगावे.