कॅमेरा पडतो तेव्हा

परवा फोनवर सिनेमाचा विषय निघाला आणि काका नेहमीप्रमाणे म्हणाले, "अरे, सिनेमानं कधी काही बदललंय का?" तेव्हा गप्प बसलो. पण डोक्यातून 'बॅटल ऑफ चिली' जाईना, म्हणून ही पोस्ट.

१९७० साली चिलीत साल्वादोर आयेंदे निवडून आले. समाजवाद, तोही मतपेटीतून! पात्रिसिओ गुस्मान या तरुण दिग्दर्शकाला वाटलं, हे सगळं टिपून ठेवायला हवं. पाच माणसं, एक कॅमेरा. देशात कच्ची फिल्म मिळेना, तर ती फ्रान्सहून क्रिस मार्कर या दिग्दर्शकानं पाठवली. मग ही मंडळी कारखान्यांत, मोर्च्यांत, सभांत फिरत राहिली.

११ सप्टेंबर १९७३ला लष्करानं सत्ता बळकावली. आयेंदे त्याच दिवशी गेले. गुस्मानला सांतियागोच्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये डांबलं. तो सुटला आणि देशाबाहेर पडला. रिळं स्वीडनच्या दूतावासामार्फत बाहेर निघाली. संकलन क्युबात झालं आणि १९७५ ते १९७९ दरम्यान तीन भाग आले. छायाचित्रकार होर्खे म्युलरला मात्र नोव्हेंबर १९७४मध्ये पकडून नेलं. तो परत आलाच नाही.

पहिल्या भागाचा शेवट विसरता येत नाही. २९ जून १९७३, लष्करातल्या एका गटाचा फसलेला उठाव. लिओनार्दो हेन्रिक्सेन हा अर्जेंटिनाचा कॅमेरामन रस्त्यावर चित्रण करतोय. समोरून त्याच्यावर नेम धरला जातो, गोळी सुटते, चित्र डळमळतं... स्वतःचंच मरण त्यानं टिपलंय.

मग काकांचंच खरं का? सिनेमानं लष्कर थांबलं नाही, पिनोशेची राजवट १९९०पर्यंत चालली.

पण पुढचं ऐका. गुस्मान ही फिल्म घेऊन चिलीत परतला आणि तिथल्या विद्यार्थ्यांना दाखवली. ते सगळं त्यानं १९९७च्या माहितीपटात दाखवलंय. ही मुलं हुकूमशाहीत वाढलेली, काहींना तर उठाव योग्यच वाटत होता. फिल्म संपल्यावर त्यातली काही ढसाढसा रडली. आणि चिलीच्या टीव्हीवर ती लागायला २०२१ साल उजाडलं! नुसत्या सिनेमाला कोण इतकी वर्षं घाबरतं?

असो. काका, पुढच्या वेळी आलात की तिन्ही भाग लावतो. चार तासांहून जास्त आहेत. मध्ये चहा माझ्याकडून.