भाडं थांबलं, पण कोणाचं?

६ सप्टेंबर २०२२, मंगळवार. त्या दिवशी लंडनहून दोन विमानं स्कॉटलंडकडे निघाली. एकात होते बोरिस जॉन्सन, दुसऱ्यात लिझ ट्रस. राणी एलिझाबेथ बाल्मोरलच्या वाड्यात होती, त्यामुळे राजीनामा द्यायला आणि पंतप्रधानपद घ्यायला दोघांनाही तिथेच जावं लागलं. जगभरचे कॅमेरे बाल्मोरलच्या फाटकावर.

त्याच दिवशी एडिनबरामध्ये, स्कॉटलंडच्या स्वतःच्या संसदेत, फर्स्ट मिनिस्टर निकोला स्टर्जन वर्षभराचा कार्यक्रम मांडत होत्या. आपल्याकडे मुख्यमंत्री, तसं तिथे फर्स्ट मिनिस्टर. त्यांनी जाहीर केलं, आजपासून स्कॉटलंडमध्ये राहत्या भाडेकरूचं घरभाडं वाढणार नाही. कायदा व्हायचा होता, पण तो झाला की आजच्या तारखेपासून लागू धरायचा.

दोनच दिवसांत राणी गेली आणि ही बातमी तिच्या बातमीखाली गाडली गेली. पण भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी ती नीट वाचली होती.

तेव्हाची परिस्थिती आठवून पाहा. युक्रेनच्या युद्धामुळे गॅस महागला होता. ब्रिटनमध्ये विजेच्या आणि गॅसच्या दरावर एक नियामक संस्था कमाल मर्यादा घालते. सर्वसाधारण घराच्या वर्षाच्या बिलाची ही मर्यादा ऑक्टोबर २०२१ मध्ये १२७७ पौंड होती, एप्रिल २०२२ मध्ये ती १९७१ झाली आणि ऑक्टोबरपासून ३५४९ होणार असं जाहीर झालं होतं. महागाईचा दर त्या ऑक्टोबरात ११.१ टक्क्यांवर पोचला. ऑगस्टमध्ये, ऐन फेस्टिव्हलच्या दिवसांत, एडिनबराचे सफाई कामगार पगारवाढीसाठी संपावर गेले आणि जगभरच्या पाहुण्यांसमोर रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग उभे राहिले.

मग स्टर्जनबाईंनी वीजबिल सोडून घरभाड्यालाच हात का घातला? कारण वीज त्यांच्या हातात नव्हती.

ब्रिटन हे आपल्यासारखं संघराज्य नाही. १९९७ च्या सार्वमतात ७४.३ टक्के मतदारांनी स्कॉटलंडला स्वतःची संसद हवी असं सांगितलं, १९९८ मध्ये लंडनच्या संसदेने तसा कायदा केला आणि १९९९ मध्ये एडिनबराची संसद भरली. त्या कायद्यात लंडनने स्वतःकडे ठेवलेल्या विषयांची यादी आहे, आणि त्या यादीत नसलेलं सगळं स्कॉटलंडचं. वीज, गॅस, चलन, बहुतेक पेन्शन आणि भत्ते लंडनकडे राहिले. घरं, शाळा, दवाखाने, बस, रेल्वेचा काही कारभार एडिनबराकडे आला. पुढे २०१६ च्या कायद्याने थोडे भत्ते आणि आयकराचे दर ठरवायचा अधिकारही मिळाला. रोजच्या खर्चासाठी मनमानी कर्ज काढायचा अधिकार मात्र नाही.

म्हणजे गॅस महाग झाला की लोक एडिनबराच्या सरकारकडे बघणार, आणि गॅसची चावी लंडनमध्ये. अशा वेळी आपल्या हातात कुठल्या चाव्या आहेत हे आधी तपासावं लागतं. स्कॉटलंडने तेच केलं. सरकारी झालेल्या स्कॉटरेलची तिकिटं मार्च २०२३ पर्यंत महागणार नव्हती. २२ वर्षांखालच्या मुलांना बसप्रवास जानेवारीपासूनच फुकट होता. गरीब घरांतल्या मुलांसाठी २०२१ मध्ये आठवड्याला १० पौंडांनी सुरू झालेला भत्ता एप्रिल २०२२ मध्ये २० झाला होता. नोव्हेंबरात तो २५ पौंड झाला आणि सहा वर्षांखालच्या मुलांऐवजी सोळा वर्षांखालच्या सगळ्या पात्र मुलांना मिळू लागला.

या सगळ्यात मला हा भत्ता सर्वांत भक्कम वाटतो. त्याच्यावर हेडलाइन होत नाही, पण पैसा थेट आईच्या खात्यात जातो. २०२३-२४ च्या आकड्यांत संपूर्ण ब्रिटनमध्ये ३१ टक्के मुलं सापेक्ष गरिबीत होती, स्कॉटलंडमध्ये २२ टक्के. स्कॉटिश सरकारने स्वतःलाच घालून दिलेलं १८ टक्क्यांचं उद्दिष्ट चुकलं, हेही खरं.

आणि पैसा कुठून आला? इतर कामांतून कापून. कर्मचाऱ्यांची पगारवाढ आणि महागाई भागवायला त्या सप्टेंबर-नोव्हेंबरात अर्थखातं सांभाळणाऱ्या जॉन स्विनींनी चालू वर्षाच्या खर्चातून जवळजवळ १२० कोटी पौंड इकडून तिकडे फिरवले. मानसिक आरोग्याच्या वाढीव निधीलाही कात्री लागली. घरभाडं थांबवण्याचा मोठा फायदा इथे कळतो. सरकारी तिजोरीतून त्याला जवळजवळ काही लागत नाही, जे काही जातं ते घरमालकाचं.

पण भाड्याची ही चावी स्कॉटलंडमध्ये इतक्या सहज हाताशी कशी आली, यासाठी शंभर वर्षं मागे जावं लागतं. ग्लासगोला.

१९१५. पहिलं महायुद्ध चालू होतं. क्लाइड नदीकाठच्या गोदी आणि दारूगोळ्याचे कारखाने रात्रंदिवस चालत होते, आणि कामासाठी बाहेरून हजारो माणसं येत होती. नवी घरं बांधणं युद्धामुळे बंद. ग्लासगोचा कामगार राहायचा टेनेमेंटमध्ये, म्हणजे तीन-चार मजली दगडी इमारती, एक-दोन खोल्यांची बिऱ्हाडं, सामाईक जिना, मागच्या अंगणात सामाईक धुणं. आपल्या गिरणगावातल्या माणसाला तिथे फार परकं वाटलं नसतं. घरमालकांनी संधी साधून भाडी वाढवली, काही ठिकाणी जवळजवळ चौथाईने. नवरा फ्रान्सच्या खंदकांत आणि बायको-पोरांना घर खाली करायची नोटीस, असे प्रकार सुरू झाले.

गोव्हन भागातल्या मेरी बार्बर या गृहिणीने आणि तिच्यासारख्या बायकांनी ठरवलं, वाढीव भाडं द्यायचं नाही. पुरुष दिवसा कामावर असायचे, त्यामुळे ही लढाई बायकांनीच चालवली. जिन्याच्या तोंडाशी एक बाई घंटा घेऊन बसायची. जप्तीला कोर्टाचा माणूस आला की घंटा वाजायची, आणि स्वयंपाकघरातून, धुण्यावरून, हातात जे असेल ते घेऊन बायका जिन्यात जमायच्या. पिठाचा मारा व्हायचा, ओले कपडे अंगावर यायचे. खिडक्याखिडक्यांत छापील फलक लागले होते, आमचा भाडेसंप आहे, आम्ही घर सोडणार नाही. नोव्हेंबरपर्यंत सुमारे वीस हजार कुटुंबं या संपात होती.

१७ नोव्हेंबर १९१५ ला १८ भाडेकरूंना कोर्टात खेचण्यात आलं. घरमालकाच्या वसुली एजंटला, ज्याला तिथे फॅक्टर म्हणतात, थकलेलं भाडं थेट कामगाराच्या मजुरीतून कापून हवं होतं. हजारो लोक कोर्टासमोर जमले, गोद्यांतले कामगार हत्यारं खाली ठेवून मोर्च्यात आले. युद्धाच्या ऐन मध्यात क्लाइडवरच्या गोद्या बंद पडणं लंडनला परवडणारं नव्हतं. त्याच दिवशी खटले मागे घेतले गेले. नोव्हेंबर संपायच्या आत विधेयक आलं आणि ख्रिसमसच्या आधी कायदा झाला. कामगारांच्या घरांची भाडी ऑगस्ट १९१४ च्या पातळीवर गोठली, फक्त ग्लासगोत नव्हे, साऱ्या ब्रिटनमध्ये.

या कायद्याच्या नावाकडे जरा नीट बघा. ते होतं ‘भाडेवाढ आणि गहाण-कर्जावरील व्याज (युद्धकालीन निर्बंध) कायदा’. म्हणजे भाडं थांबवतानाच, घर गहाण ठेवून घरमालकाने जे कर्ज काढलेलं असायचं त्याचं व्याजही थांबवलं. भाडेकरूवर येणारा ताण घरमालकावर ढकलायचा, तर घरमालकावरचा ताणही थोडा सावकारावर ढकलायचा. दोन्ही टोकं एकाच सरकारच्या हातात होती, म्हणून हे जमलं.

२०२२ च्या एडिनबराकडे एकच टोक होतं. लिझ ट्रस यांच्या सरकारने २३ सप्टेंबरला करकपातीचं बजेट मांडलं आणि गृहकर्जाचे दर भडकले. बँक ऑफ इंग्लंडचा व्याजदर डिसेंबर २०२१ मध्ये ०.१ टक्के होता, तो ऑगस्ट २०२३ पर्यंत ५.२५ टक्के झाला. त्यावर एडिनबराचा काडीचाही अधिकार नाही. भाडं गोठलेलं, हप्ता वाढतोय, अशा मालकाने काय करायचं? काहींनी घरं विकली. आणि ज्यांनी नाही विकली, त्यांनी कायद्यात ठेवलेलं दार शोधलं.

ते दार असं. विधेयक ३ ऑक्टोबरला मांडलं गेलं, तीन दिवसांत मंजूर झालं. भाडेकरूंच्या हक्कांचं खातं सांभाळणारे ग्रीन पक्षाचे पॅट्रिक हार्वी यांनी ते पुढे नेलं. ३१ मार्च २०२३ पर्यंत शून्य टक्के वाढ, नंतर खाजगी घरांना वर्षभर ३ टक्क्यांची मर्यादा, घरमालकाने वाढलेला खर्च दाखवला तर ६ पर्यंत. घराबाहेर काढण्यावरही बरीच बंधनं. सार्वजनिक घरांच्या संस्थांना मात्र सरकारने लवकरच यातून मोकळं केलं, कारण भाडं हेच त्यांचं दुरुस्तीचं आणि नव्या बांधकामाचं भांडवल. त्यांनी सरासरी वाढ महागाईपेक्षा कमी ठेवायचं कबूल केलं. खाजगी मालकांच्या संघटना कोर्टात गेल्या आणि २०२३ मध्ये हरल्या.

पण हे सगळं राहत्या भाडेकरूसाठी होतं. घर रिकामं झालं, नवा भाडेकरू आला, की मालक मागेल ते भाडं. शेअर करून राहणाऱ्या चौघांतला एक जण कोर्स संपवून गेला, की बहुतेकदा करार नवा आणि भाडंही नवं. आणि आता भाडं एकदा ठरलं की पुढे वाढवता येणार नाही हे मालकाला कळलेलं असल्याने, पुढच्या दोन-तीन वर्षांची वाढ तो पहिल्याच दिवशी लावून मोकळा होणार. सप्टेंबर २०२३ ला संपलेल्या वर्षात स्कॉटलंडमध्ये दोन बेडरूमच्या घराचं सरासरी भाडं १४.३ टक्क्यांनी वाढून ८४१ पौंड झालं. हे आकडे मुख्यतः जाहिरातींतल्या, म्हणजे नव्या भाड्यांचे आहेत. भाडेबंदी असलेल्या देशात एवढी वाढ, म्हणून विरोधकांनी कायद्याची टिंगल केली. मला ती टिंगल अर्धवट वाटते. जुन्या भाडेकरूला त्या भयानक हिवाळ्यात खरोखरच आसरा मिळाला, तो या आकड्यात दिसतच नाही. पण नव्याने आलेल्यांना, म्हणजे विद्यार्थ्यांना, पहिली नोकरी धरणाऱ्यांना, परदेशातून येणाऱ्यांना, त्याची किंमत मोजावी लागली हेही खरं. त्यात आपल्याकडून मास्टर्सला गेलेली मुलंमुलीही होती.

मुंबईकराला हे सगळं ओळखीचं वाटेल, आणि वाटायलाच हवं. ग्लासगोच्या बायकांनी मिळवलेल्या कायद्याच्या वाटेनेच १९१८ मध्ये मुंबई इलाख्यातही युद्धकालीन भाडेनिर्बंधाचा कायदा आला. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तेच झालं, आणि १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० चं भाडं हे ‘प्रमाण भाडं’ धरलं. तात्पुरता म्हणून आलेला कायदा मुदतवाढीवर मुदतवाढ घेत पन्नास वर्षं चालला. मालकांनी दुरुस्ती सोडली, चाळी खचल्या. आणि भाडं वाढवता येत नाही म्हटल्यावर वाढ दाराशी येऊन उभी राहिली. तिचं नाव पागडी. खोलीत शिरतानाच रोख मोजायची, भाडं मग नावापुरतं. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की भाडं असं कायमचं गोठवणं आता वाजवी राहिलेलं नाही. मग १९९९ च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली आणि पागडीलाही कायदेशीर मान्यता दिली.

स्कॉटलंडने मुंबईची चूक केली नाही. तिथे भाडं घराला नाही, कराराला बांधलं होतं, आणि बंदीही अल्पमुदतीची होती. पण दार मात्र तिथेही तेच उघडं राहिलं, आत शिरतानाचं.

१९१५ नंतर आणखी एक गोष्ट झाली होती, जी २०२२ नंतर झाली नाही. युद्ध संपल्यावर १९१९ च्या कायद्याने लंडनने नगरपालिकांना घरं बांधायला पैसे दिले. मेरी बार्बर १९२० मध्ये ग्लासगोच्या नगरपालिकेवर निवडून गेली, शहरातल्या पहिल्या काही नगरसेविकांपैकी एक, आणि पुढच्या दशकांत ग्लासगोभोवती पालिकेच्या घरांच्या वसाहती उभ्या राहिल्या. याउलट २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात स्कॉटिश सरकारने परवडणाऱ्या घरांच्या निधीला जवळजवळ २६ टक्के कात्री लावली. त्याच्या आधीच, नोव्हेंबर २०२३ मध्ये, एडिनबरा आणि ग्लासगो या दोन्ही शहरांनी घरांची आणीबाणी जाहीर केली होती. मे २०२४ मध्ये सरकारनेही तीच जाहीर केली. लंडनकडून येणारा पैसा कमी झाला, हे सरकारचं म्हणणं खोटं नाही. पण कुठे कापायचं हे एडिनबरानेच ठरवलं होतं.

सप्टेंबर २०२५ मध्ये एडिनबराच्या संसदेने नवा गृहनिर्माण कायदा मंजूर केला. या वेळी ते दार लावून घेतलं आहे. सरकारने नियंत्रणाखाली आणलेल्या भागात महागाईचा दर अधिक १ टक्का, आणि जास्तीत जास्त ६ टक्के, एवढीच वाढ, आणि भाडेकरू बदलला तरी तीच मर्यादा. भाड्याने देण्यासाठीच बांधलेल्या काही मोठ्या प्रकल्पांना त्यातून सूट आहे, नाहीतर गुंतवणूकदार येणार नाहीत म्हणून. पण असे भाग ठरायच्या आधी पालिकांनी आपापल्या भागातल्या भाड्यांची पाहणी करायची आहे. २०२२ ची तात्पुरती बंधनं मात्र ३१ मार्च २०२५ लाच संपली आहेत. त्यामुळे दरम्यानच्या काळात ग्लासगोत घर शोधायला गेलेल्या मुलाला मालक जे सांगेल ते भाडं आहे.

गोव्हनमध्ये २०१८ पासून मेरी बार्बरचा पुतळा आहे. ती एकटी उभी नाही, तिच्यामागे माणसांची रांग आहे.